‘व्हेटरन्स डे’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : अमेरिकेत ११ नोव्हेंबरला ‘व्हेटरन्स डे’ची सुट्टी असते. मराठीत हा ‘शहीद दिन’ की ‘निवृत्त सैनिक दिन’?

‘शहीद दिन’ तर नक्कीच नाही. धारातीर्थी पडलेल्यांसाठी अमेरिकेत वेगळा दिवस आहे : मेमोरियल डे, मे महिन्याचा शेवटचा सोमवार. व्हेटरन्स डे हा सैन्यात राहून आलेल्या सगळ्यांचा, त्यातही मुख्यतः हयात असलेल्यांचा मान. घोळ होतो तो तारखेमुळे. ११ नोव्हेंबर १९१८ला सकाळी ११ वाजता पहिल्या महायुद्धातल्या तोफा थांबल्या. ब्रिटनमध्ये त्या तारखेला आजही मृत सैनिकांचेच स्मरण होते. अमेरिकेतही तो आधी ‘आर्मिस्टिस डे’, म्हणजे युद्धविराम दिन, होता. दुसरे महायुद्ध आणि कोरिया यांतून परतलेल्यांनाही त्यात जागा हवी, म्हणून १९५४मध्ये नाव बदलले. मधल्या काळात, १९७१ ते १९७७, जोडून सुट्टी मिळावी म्हणून तो ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी ढकलला होता. लोकांना ते रुचले नाही आणि १९७८पासून मूळ तारीख परत आली.

आता ‘निवृत्त’. मराठी कानाला निवृत्त म्हटले की पेन्शन ऐकू येते. अमेरिकेत सैन्यातून रीतसर निवृत्ती साधारण वीस वर्षांनी मिळते, पण चार वर्षे नोकरी करून सन्मानाने बाहेर पडलेलाही व्हेटरनच. दोघांनाही सामावून घेणारा शब्द आपल्याकडे रुळलेला आहे : माजी सैनिक. तेव्हा ‘माजी सैनिक दिन’ म्हणावे. नौदल आणि हवाई दलही त्यात आले, ‘लष्कर’ म्हटले की ती दोन्ही सुटतात. फक्त भारतात ‘माजी सैनिक’ ही सरकारी व्याख्याही आहे, तिच्या अटी अमेरिकेतल्या माणसाला लावत बसू नये.

मात्र ‘माजी’ हुद्द्याला चिकटवू नका. ‘माजी कर्नल’ वाचले की हुद्दा काढून घेतल्यासारखे वाटते. हुद्दा निवृत्तीनंतरही राहतो, म्हणून ‘कर्नल (निवृत्त)’. आमदार माजी होतो, कर्नल नाही.

भारतातही असा दिवस आहे, १४ जानेवारी. पहिले भारतीय लष्करप्रमुख फील्ड मार्शल करिअप्पा १९५३मध्ये याच दिवशी निवृत्त झाले. आपल्याकडे संक्रांतीच्या तिळगुळात तो हरवतो, आणि दुसऱ्याच दिवशी सेना दिन असल्याने बातम्यांतही दोन्हींची खिचडी होते. ७ डिसेंबरचा ध्वजदिन निराळा, तो निधी संकलनाचा. ३० जानेवारीचा हुतात्मा दिन तर गांधीजींच्या पुण्यतिथीचा.

परदेशातल्या मंडळांनी फलक लिहिताना एक सांभाळावे. फोटो आणि खाली ‘विनम्र अभिवादन’ हा मजकूर आपल्याकडे जयंती-पुण्यतिथीचा आहे. समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या फोटोखाली तो आला, तर पाहुणे आधी चौकशी करतील, कधी गेले म्हणून. ‘माजी सैनिकांचा सत्कार’ लिहा, फोटोला हार नको. ‘श्रद्धांजली’, ‘स्मृतीस’, ‘अमर रहे’ हे शब्द मेमोरियल डेसाठी ठेवा. तिथे ‘हॅपी’ची शुभेच्छा मात्र चालत नाही.