वडील भोसरीत ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात होते. निवृत्त होऊन 15 वर्षं झाली, आता मेसोथेलिओमाची, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरची, शंका आहे. इतक्या उशिरा? आणि घरावरचे सिमेंटचे पत्रे काढू का?

हो, या आजाराला उशीर लागतोच. ब्रेक लायनिंगमध्ये आणि सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस नावाचं तंतुमय खनिज असू शकतं. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून आत गेले की फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात वर्षानुवर्षं रुतून राहतात, आणि कॅन्सर दिसायला साधारण 20 ते 50 वर्षं जातात. तो पोटाच्या आवरणातही होतो, पण क्वचित. सिगारेटमुळे मात्र हा होत नाही, त्यामुळे वडील निर्व्यसनी असले तरी शंका खोटी ठरत नाही.

धाप लागते, छातीत पाणी होतं. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की आधी टीबीच आठवतो, आणि बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण पाणी पुन्हापुन्हा भरत असेल तर नुसत्या पाण्याच्या तपासणीवर थांबू नका. दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा काढून बायोप्सी करायला सांगा. डॉक्टरांना वडिलांचं जुनं काम आपणहून सांगा, ओपीडीच्या गर्दीत ते विचारलं जाईलच असं नाही. नोकरीचे कागद जपा: अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा कायद्याने व्यावसायिक आजार आहे, भरपाई मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षं ठेवायला सांगितलं होतं, तेव्हा कंपनीकडे लेखी मागणी करा.

पत्रे? धड असतील तर हात लावू नका. कापताना, ड्रिल मारताना, फोडताना धूळ उडते, धोका तिथे आहे. बदलायचेच झाले तर ओले करून, अख्खे उतरवा.