आठ कप चहा आणि दातांची कीड

दादा, तुम्ही विचारलंय की मी गोडधोड खात नाही, दोन वेळा ब्रश करतो, तरी वर्षभरात तिसरा दात कसा किडला? पुढं सहज लिहिलंय की परभणीच्या मोंढ्यात आडत आहे, दिवसातून आठ-नऊ वेळा अर्धा कप चहा होतो. माझ्या मते कीड तिथूनच येतेय.

हिरडीलगत दातावरून नख फिरवून बघा. पांढरट, मऊ थर नखात येतो. लोक त्याला अडकलेलं अन्न समजतात, पण तो मुख्यतः जिवंत जंतूंचा थर आहे. त्यातले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जंतू साखर मिळाली की लॅक्टिक आम्ल सोडतात. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात या थराचा सामू, म्हणजे पीएच, मोजला होता; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त. ग्लुकोजच्या पाण्यानं चूळ भरली की तो काही मिनिटांत ५च्या आसपास घसरतो आणि वर यायला अर्धा-पाऊण तास तरी घेतो. साधारण ५.५च्या खाली दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, विरघळायला लागतं.

घसरलेला सामू वर आणते ती लाळ. तिच्यातलं बायकार्बोनेट आम्ल मारतं, कॅल्शियम आणि फॉस्फेट दाताची झीज भरून काढतात. थरातले सगळेच जंतू वैरी नसतात. काही जंतू लाळेतल्या युरियापासून, काही आर्जिनिन या प्रथिनाच्या घटकापासून अमोनिया तयार करतात, त्यानंही आम्ल कमी होतं. फक्त या सगळ्याला वेळ लागतो. आठ चहा गुणिले अर्धा तास, म्हणजे चार तास तुमचे दात आम्लात. त्यात एकेक कप गिऱ्हाइकाशी बोलत घोट-घोट पीत असाल तर आणखी जास्त.

लातूरला माझ्याकडे एक ट्रकचालक यायचे. झोप येऊ नये म्हणून रात्रभर डाव्या गालात चघळायची गोड गोळी धरायचे. कीड नेमकी डावीकडच्या दाढांना, हिरडीलगत एका रांगेत. उजवी बाजू जवळजवळ स्वच्छ! तो जबडा बघितल्यापासून मी पेशंटला ‘गोड किती खाता’ याआधी ‘किती वेळा खाता’ हे विचारतो.

तर चहा सोडू नका. दोन-तीन वेळा जेवणा-नाश्त्याच्या जोडीनं, एका बैठकीत संपवा. मधले बिनसाखरेचे घ्या. वर साध्या पाण्यानं चूळ भरा. चावताना लाळ पुष्कळ सुटते, म्हणून साखर न लावलेली बडीशेप चालेल, सुपारी अजिबात नको. उन्हाळ्यात आपल्याकडं तोंड कोरडं पडतं, पाणी जवळ ठेवा. बीपीच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, काही गोळ्यांनी लाळ आटते. झोपेत तर ती जवळपास थांबतेच, म्हणून रात्रीच्या ब्रशनंतर साखरेचं दूधसुद्धा नको. पेस्ट फ्लोराइडची घ्या, नुसती थुंका, खळखळून धुऊ नका.

दात भरायला जाल तेव्हा बाकीचे दात वाळवून हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग आहेत का, तेही बघायला सांगा. तिथं अजून भोक पडलेलं नसतं, ते डाग भरल्याशिवायही थांबवता येतात.