एकही शब्द खोटा नसताना विपर्यास होऊ शकतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मैत्रिणीने तुमचं बोलणं तिसऱ्या माणसाला जाऊन सांगितलं, शब्द सगळे तुमचेच होते, पण त्या माणसाचा समज झाला की तुम्ही त्याच्या विरोधात आहात, आणि आता मैत्रीण म्हणते "मी एक तरी शब्द खोटा सांगितला का, दाखव". मग तिला खोटं बोलली म्हणायचं की नाही, आणि नसेल बोलली तर तुम्हाला एवढं का लागलंय.

सरळच सांगते. ती खोटं बोललेली नाही. पण तिने तुमच्या म्हणण्याचा विपर्यास केलाय, आणि तुम्हाला लागलंय ते बरोबरच आहे. असली भांडणं सगळी इथेच अडकतात, एक जण "खोटं काय ते दाखव" म्हणून ठाण मांडून बसतो आणि दुसऱ्याला दाखवता येत नाही म्हणून तोच चुकीचा ठरतो.

खरं-खोटं हे वाक्याचं असतं. वाक्य घ्यायचं, बाहेर काय परिस्थिती आहे ती बघायची, जुळलं तर खरं, नाही जुळलं तर खोटं, मग ते कोण बोललं, कोणाला बोललं, कशासाठी बोललं याने काही फरक पडत नाही. विपर्यासाला मात्र तीन जण लागतात: मूळ गोष्ट (किंवा मूळ माणूस), ती सांगणारा, आणि असा ऐकणारा ज्याने मूळ गोष्ट स्वतः बघितलेली नाही आणि जो सांगणाऱ्यावर अवलंबून आहे. त्या ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र उभं राहिलं ते मूळ गोष्टीशी जुळतं का, एवढंच तिथे बघायचं. म्हणूनच वाक्यं सुटी करून एकेक तपासत बसलात तर विपर्यास कधीच हाताला लागणार नाही, तो दोन वाक्यांच्या मधल्या गाळलेल्या जागेत असतो.

आपल्याकडे "ध चा मा करणे" म्हणतात, १७७३ मधल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाची जी कथा सांगतात त्यातून आलेलं, पत्रातल्या "धरावे"चं कोणीतरी "मारावे" केलं. ते सरळ खोटं झालं, कागद समोर ठेवला की खाडाखोड दिसते. विपर्यासाला तेवढं एक अक्षरही बदलावं लागत नाही. त्यासाठी भाषेत दुसरा शब्दप्रयोग आहे, "नरो वा कुंजरो वा". अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता, त्यामुळे धर्मराज बोलला ते अक्षरशः खरं होतं, पण द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवलं ते मुलगा गेला असं समजून, आणि त्यांनी तसं समजावं म्हणूनच ते वाक्य बोललं गेलं होतं.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण हा फरक मला त्यातून कळला आणि तोही चूक माझी असताना. काही वर्षांपूर्वी ऑफिसमधे मीटिंगचे मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे असायचं. एका मीटिंगमधे एका सहकाऱ्याला विचारलं की हे काम आठवड्यात होईल का, तर तो म्हणाला, "आठवड्यात करून देता येईल, पण मग टेस्टिंगला वेळच उरणार नाही, त्यामुळे मी तरी हे सुचवणार नाही." मी लिहिलं: "आठवड्यात करून देता येईल असं सांगितलं." बस. मला घाई होती, मुद्दे थोडक्यात लिहायचे होते, आणि मनापासून सांगते, माझ्या डोक्यात काही वाईट नव्हतं. पण मिनिट्स वाचणारे साहेब मीटिंगला नव्हते. त्यांनी वाचलं आणि पुढे क्लाएंटला आठवड्याचा शब्द देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी तो सहकारी माझ्या डेस्कपाशी आला, आवाज न चढवता म्हणाला, "हे शब्द माझेच आहेत. पण मी असं म्हटलं नव्हतं."

मी आधी अगदी तुमच्या मैत्रिणीसारखंच बोलले, "अरे पण तू बोललास ना हे?" आणि बोलता बोलताच लक्षात आलं की मी "पण"च्या आधीचं ठेवलं आणि नंतरचं कापलं, आणि त्याचं सगळं म्हणणं तर "पण"च्या नंतरच होतं. तो नको म्हणत होता आणि मी त्याला हो म्हणायला लावलं, तेही त्याच्याच शब्दांत.

यातून एक गोष्ट कळते ती अशी की विपर्यास करायला कपट लागतंच असं नाही. खोटं बोलणारा म्हटलं की त्याला खरं माहीत असतं आणि तो मुद्दाम उलटं सांगतो असं आपण धरतो, पण विपर्यास घाईने होतो, अर्धवट ऐकल्याने होतो, आपल्याला जे ऐकायचं होतं तेवढंच लक्षात राहिल्याने होतो. कायद्यालाही हे माहीत आहे. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ मधे जाणूनबुजून केलेली फसवणूक येते आणि कलम १८ मधे त्यापासून वेगळा असा प्रकार येतो की माणसाने खात्रीशीर माहिती नसताना एखादी गोष्ट ठामपणे सांगितली, ती खरी आहे असं त्याला मनापासून वाटत होतं, पण ती खरी नव्हती. तो लबाड नाही, पण समोरच्याची संमती चुकीच्या चित्रावर घेतली गेली, म्हणून समोरच्याला तो करार मोडता येतो.

उलट्या बाजूचं, म्हणजे मुद्दाम केलेलं पण अक्षरशः खरं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चपखल उदाहरण अमेरिकेतल्या एका खटल्याचं आहे. सॅम्युअल ब्रॉन्स्टन नावाचे सिनेनिर्माते होते, त्यांच्या कंपनीच्या दिवाळखोरीच्या कामात त्यांना शपथेवर विचारलं, स्विस बँकेत तुमची खाती आहेत का? म्हणाले नाही. कधी होती का? तर उत्तर आलं की कंपनीचं झुरिकमधे एक खातं होतं, सहाएक महिने. हे खरं होतं! पण विचारलं होतं त्यांच्याबद्दल, आणि त्यांचं स्वतःचं खातं जिनिव्हात जवळजवळ ५ वर्षं होतं. ऐकणाऱ्याला वाटलं की यांचं नव्हतं, फक्त कंपनीचं होतं. खोटी साक्ष दिली म्हणून शिक्षा झाली, अपील वरपर्यंत गेलं आणि १९७३ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांना सोडलं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की वाक्य अक्षरशः खरं असेल तर ते दिशाभूल करणारं असलं तरी खोटी साक्ष होत नाही, पुढचा प्रश्न विचारून कोंडीत पकडणं हे वकिलाचं काम होतं. पण त्याच निकालात हेही मान्य केलंय की उत्तर भोळेपणाने दिलेलं नसेल, हुशारीने टाळण्यासाठीच दिलेलं असू शकेल. म्हणजे कोर्टाने ब्रॉन्स्टनना प्रामाणिक म्हटलं नाही, फक्त तो गुन्हा या कलमात बसत नाही एवढंच म्हटलं. मला हा निकाल कोर्टापुरता पटतो, कारण तिथे समोर उलटतपासणी घ्यायला वकील बसलेला असतो. पण मैत्रीत, घरात, ऑफिसात कोणी कोणाची उलटतपासणी घेत नसतं, आपण दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबतो, तिथे "अक्षरशः खरं होतं" हा बचाव मला अजिबात चालत नाही.

आकड्यांत तर हे रोज होतं. स्वतः करून बघा: कागदावर दोन खांब काढा, एक ९६ चा, एक ९८ चा. शून्यापासून काढलेत तर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. आता खालची रेघ शून्याऐवजी ९५ पासून सुरू करा. पहिला खांब १ उंचीचा, दुसरा ३ उंचीचा, म्हणजे तिप्पट! आकडे बदलले नाहीत, बाजूला ९५ पण व्यवस्थित छापलेलं आहे, पण बघणाऱ्याचा डोळा आधी उंची बघतो आणि मग आकडा, वाचला तर. ऑक्टोबर १९९५ मधे ब्रिटनमधे औषधांच्या सुरक्षिततेच्या सरकारी समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट हे खरं होतं, दर ७००० बायकांमधे १ चे २ होत होते. पण "दुप्पट" तेवढं सगळीकडे पोहोचलं आणि ७००० मागेच राहिले, घाबरून कितीतरी जणींनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षात एकट्या इंग्लंड आणि वेल्समधे सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. वाईट याचं वाटतं की गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो.

आता उलटंही असतं, म्हणजे खोटं आहे पण विपर्यास नाही. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले विल्यम थॉमसन, त्यांनी १८६२ मधे पृथ्वीचं वय २ कोटी ते ४० कोटी वर्षं काढलं. आज आपल्याला माहीत आहे की ते सुमारे ४५४ कोटी आहे, म्हणजे साफ चुकलं. पण त्यांनी पृथ्वी घन गोळ्यासारखी आतून थंड होत गेली हे धरलेलं उघड मांडलं होतं, गणित मांडलं होतं, आणि म्हणूनच १८९५ मधे त्यांच्याच एकेकाळच्या सहाय्यकाला, जॉन पेरींना, नेमक्या त्या गृहीतकावर बोट ठेवता आलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, की प्रामाणिक चूक दुसऱ्याला सापडते कारण सगळं समोर मांडलेलं असतं, विपर्यासात जे दुरुस्त करायचं तेच नेमकं काढून घेतलेलं असतं.

तुम्ही म्हणाल थोडक्यात सांगायचं म्हटलं की काहीतरी गाळावंच लागतं, मग सगळेच विपर्यास करतात का. नाही. नकाशाचं बघा, लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेकने काढलेला नकाशा १९३३ मधे छापला गेला, त्यात अंतरं सगळी चुकीची आहेत, वळणं सरळ केलेली आहेत, पण त्यावरून कोणी अंतर मोजायला जातच नाही, कुठे उतरायचं आणि कुठली गाडी बदलायची एवढंच बघतो आणि ते तंतोतंत बरोबर आहे. याउलट मर्केटरचा १५६९ चा जगाचा नकाशा, त्यात दिशांचे कोन बरोबर राहतात, जहाजवाल्यांना तेच हवं होतं, त्यांच्यासाठी तो चोख. तोच वर्गाच्या भिंतीवर लावला की मुलांना ग्रीनलंड आफ्रिकेएवढं वाटतं, आणि प्रत्यक्षात आफ्रिका जवळपास १४ पट मोठी आहे. नकाशा तोच, बघणारा बदलला, तो कशासाठी बघतोय ते बदललं, आणि विपर्यास झाला. म्हणजे काय गाळलं यापेक्षा समोरचा त्या माहितीवर काय करणार आहे हे आधी बघायचं. मी स्वतःपुरतं एवढंच विचारते: उद्या याला पूर्ण गोष्ट कळली तर हा "बरं बरं" म्हणून सोडून देईल, की "हे आधी का नाही सांगितलंस" म्हणेल? दुसरं असेल तर ते मला आत्ताच सांगायला हवं, कितीही थोडक्यात बोलायचं असलं तरी.

आता तुमच्या मैत्रिणीचं. तिला "तू खोटं बोललीस" म्हणू नका, कारण ते खरं नाही आणि तिला ते दोन मिनिटांत सिद्ध करता येईल, मग तुमची बाजू योग्य असून तुम्हीच माफी मागत बसाल. ती कदाचित मुद्दाम वागलेलीही नसेल, तेही डोक्यात असू द्या. तिला विचारा की "तू सांगितल्यावर त्याला काय वाटलं? मी जे म्हणाले होते तेच का?" आणि मग तिने जे गाळलं ते वाक्य जसंच्या तसं तिच्यासमोर ठेवा. ती जर म्हणाली की "त्याचा गैरसमज झाला त्याला मी काय करू", तर तिला हेच सांगा की गैरसमज झालेला कळल्यावरही गप्प बसलं तर तो मग त्याचा एकट्याचा राहत नाही.

आणि दुरुस्ती त्याच माणसासमोर व्हायला हवी. तुम्हाला एकटीला बाजूला घेऊन "सॉरी" म्हटल्याने त्याच्या डोक्यातलं चित्र बदलणार नाही. मी त्या सहकाऱ्याला डेस्कपाशी सॉरी म्हटलं होतं, तेव्हा तो म्हणाला, "मला नको, मेल कर." मग मी ज्यांना ज्यांना मिनिट्स गेले होते त्या सगळ्यांना त्याचं वाक्य "पण"सकट पूर्ण लिहून पाठवलं, आधीच्या मिनिट्समधे मी ते अर्धंच दिलं होतं हेही लिहिलं. क्लाएंटला दिलेली तारीख मागे घ्यावी लागली, साहेब माझ्यावर चिडले, ते चिडणं योग्यच होतं. त्या सहकाऱ्याने मेलला काही उत्तर दिलं नाही, पण पुढच्या मीटिंगमधे बोलून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "लिहिलंस का? वाचून दाखव." तेव्हापासून मी प्रत्येकाचं म्हणणं लिहिल्यावर तिथल्या तिथे त्यालाच वाचून दाखवते.