पत्र्याचे छप्पर आणि थंड राहणारा रंग

प्रश्न : भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि आमचे पत्र्याचे घर दुपारी राहण्याजोगे उरत नाही. छप्पर हवेपेक्षाही थंड ठेवणारा रंग निघाल्याचे ऐकले. विजेशिवाय हे शक्य आहे का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : होय, शक्य आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये जाहीर केलेला बेरियम सल्फेटचा पांढरा रंग ९८.१ टक्के सूर्यप्रकाश परतवतो. त्यातील अतिसूक्ष्म कण मुद्दाम वेगवेगळ्या आकारांचे ठेवले आहेत, कारण कणाच्या आकारानुसार निरनिराळ्या तरंगलांबीचा प्रकाश विखुरला जातो. शिवाय हा रंग आपली उष्णता ज्या अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो, त्यांपैकी ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण हवेत फारसे शोषले न जाता थेट अवकाशात निघून जातात; त्यामुळे भर उन्हातही पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहू शकतो. पाण्याची वाफ हे किरण अडवते, म्हणून आपल्या कोरड्या उन्हाळ्यात परिणाम चांगला मिळेल, पावसाळ्यात कमी. धूळ मात्र धुवावी लागेल.

धुळे-जळगावच्या कडाक्याच्या हिवाळ्यात हाच गुण नकोसा होतो. म्हणूनच अमेरिकेतील बर्कले येथील संशोधकांनी त्याच वर्षी मांडलेले आवरण मला अधिक मोलाचे वाटते. ते व्हॅनेडियम डायऑक्साइड या संयुगापासून बनवले आहे; हे संयुग शुद्ध असताना त्याचे गुणधर्म सुमारे ६८ अंशांना पालटतात. त्यात टंगस्टन हा धातू मिसळल्याने हा बदल नेहमीच्या तापमानाला घडतो आणि थंडीत आवरण उष्णता बाहेर टाकणे आपोआप कमी करते.

तूर्त पत्र्यावरचा गंज खरवडून साधा परावर्तक पांढरा रंग द्यावा; तो हवेपेक्षा थंड राहिला नाही, तरी गंजक्या पत्र्याहून पुष्कळ कमी तापतो.