विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियमचा शोध लागला, ही बातमी खरी आहे का?

तुम्ही प्रश्नात दिलेली बातमी आम्हा देवगडकडच्या लोकांना ऑगस्ट उजाडला की दरवर्षी भेटते: '१८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्गावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला.' हे खरं का, आणि खरं नसेल तर किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' नावाचे चौथरे आले कुठून, असं तुम्ही विचारलंय. मी याच भागात शाळेत विज्ञान शिकवतो. पोरं किल्ल्यावर गेली की हाच प्रश्न विचारतात, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

ग्रहण झालं होतं, लॉकियर नावाचा शास्त्रज्ञ होता, तो विजयदुर्गावर आलाही होता. फक्त त्या तारखेला नाही. १८ ऑगस्ट १८६८ ला तो इंग्लंडात होता. विजयदुर्गावर तो आला जानेवारी १८९८ मध्ये, वेगळ्याच ग्रहणासाठी. तोवर हेलियमचा शोध लागून, ते लंडनच्या प्रयोगशाळेत नळीत भरूनही झालं होतं.

खरं तर कोकणातल्या माणसाला ही बातमी वाचताना पहिली शंका महिन्यावरूनच यायला हवी. ऑगस्टचा मध्य म्हणजे आमच्याकडे काय असतं हे सांगायला नको. समुद्र खवळलेला, होड्या वर ओढून शाकारलेल्या, सड्यावर गुडघाभर गवत, आणि सूर्य दिसला तर दिसला. शेकडो मैलांवरून दुर्बिणी आणि काचेची नाजूक उपकरणं घेऊन ऐन पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर कोण कशाला उतरेल? १८६८ च्या मंडळींना हे चांगलं कळत होतं. ग्रहणाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून आत शिरत होता, तरी बहुतेक जण घाट ओलांडून पलीकडे गेले. लेफ्टनंट जॉन हर्शेल (प्रसिद्ध हर्शेल घराण्यातला) जमखंडीला बसला, कॅप्टन हेग विजापूरला. फ्रान्सहून आलेला प्येर जान्सेन आणि मेजर टेनंट गुंटूरला, मद्रास वेधशाळेचा प्रमुख नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणला. त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी यांनी वनपर्थीहून ग्रहण पाहिलं. या ठिकाणांतून नकाशावर रेघ ओढा आणि ती पश्चिमेकडे वाढवा, ती आपल्याच किनाऱ्याला येऊन मिळते. म्हणजे १८६८ साली विजयदुर्गावरही अंधार पडला असणार, ढगांच्या वर. गोंधळाचं मूळ इथेच असावं असं मला वाटतं. एकाच किल्ल्यावरून जवळजवळ तीस वर्षांच्या अंतराने दोन खग्रास ग्रहणं गेली, आणि पुढे सांगणाऱ्यांच्या तोंडी त्यांचं एकच ग्रहण झालं.

(याच ग्रहणाची एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. पट्टा पुढे सयामपर्यंत जात होता. तिथला राजा मोंगकुट याने स्वतः गणित करून ग्रहणाची वेळ आणि जागा काढली, दरबार आणि पाहुणे घेऊन वाको नावाच्या दलदलीच्या गावी गेला. गणित बरोबर आलं. पण तिथे त्याला हिवतापाने गाठलं आणि १ ऑक्टोबर १८६८ ला तो वारला.)

आता त्या दिवशी नेमकं सापडलं काय, ते पाहू. कारण 'हेलियम विजयदुर्गावर नाही तर गुंटूरला सापडलं' असं म्हणून मोकळं होणारेही आहेत, आणि तेही तितकंसं बरोबर नाही.

वायू तापून प्रकाशला की त्याचा प्रकाश लोलकातून पाहिल्यावर ठराविक जागी तेजस्वी रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. चुलीच्या जाळावर मीठ टाकलं की जो पिवळा भडका उठतो तो सोडियमचा, आणि वर्णपटात त्याच्या दोन जोडरेषा दिसतात: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. ग्रहणात सूर्याची तबकडी झाकली गेली की कडेला लालसर ज्वाला दिसतात. त्या कशाच्या बनल्या आहेत हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. १८६८ च्या ग्रहणात पहिल्यांदाच त्यांच्याकडे वर्णपटदर्शक रोखले गेले आणि तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत, मुख्यतः हायड्रोजनच्या. त्या दिवसाचा मोठा शोध हा होता. रेषांमध्ये एक पिवळीही होती. बहुतेकांनी ती सोडियमची धरली, आणि त्यात त्यांना दोष देता येणार नाही. हेलियमची रेषा पडते ५८७.६ वर. हातात पाच-सहा मिनिटं, अंधार पडलेला, छाती धडधडतेय, अशा वेळी दीड नॅनोमीटरचा फरक कुणाच्या लक्षात येणार?

जान्सेनचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत आहे. रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहणाशिवायही दिसतील, असं त्याला त्याच दिवशी सुचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सूर्याच्या कडेवर उपकरण धरलं आणि त्या दिसल्या! त्याआधी सूर्याच्या ज्वाला बघायच्या तर वर्षानुवर्षं ग्रहणाची वाट पाहावी लागे. इकडे लंडनमध्ये लॉकियर हा युद्धखात्यातला कारकून, हौसेने आकाश बघणारा. त्यालाही हीच कल्पना आधीपासून सुचलेली होती, पण चांगला वर्णपटदर्शक वेळेवर तयार होऊन मिळाला नाही. तो हाती आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने ग्रहणाशिवाय ज्वालांच्या रेषा पाहिल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचेही चेहरे असलेलं पदक काढलं. भांडण झालं नाही, उलट दोघं मित्र झाले.

आणि लंडनमध्ये निवांतपणे, घाई नसताना पाहिल्यावरच लॉकियरला दिसलं की पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर नाही, किंचित बाजूला आहे. त्याने एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर प्रयोगशाळेत हायड्रोजनवर दाब कमीजास्त करून, तापमान बदलून ती रेषा काढायचा प्रयत्न केला. निघेना. मग हे सूर्यावरचं नवंच मूलद्रव्य असावं असं ठरलं आणि त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं जाऊ लागलं. पृथ्वीवर न सापडलेला पदार्थ कुणीतरी आकाशात बघून जाहीर करतो हे अनेक रसायनशास्त्रज्ञांना पटण्यासारखं नव्हतं. पाव शतक हा वाद तसाच लोंबकळत राहिला. १८९५ च्या मार्चमध्ये विल्यम रॅमसे याने लंडनमध्ये क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजावर आम्ल टाकलं, निघालेल्या वायूचा वर्णपट पाहिला, आणि तीच पिवळी रेषा समोर आली. त्याने नमुना खात्रीसाठी विल्यम क्रूक्सकडे पाठवला आणि लॉकियरकडेही. सत्तावीस वर्षांपूर्वी दुर्बिणीतून दिसलेली रेषा लॉकियरने आता आपल्या टेबलावरच्या नळीत पाहिली.

यात विजयदुर्ग कुठे येतो? अजून तीन वर्षांनी.

२२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून आत शिरून थेट नैऋत्येकडून ईशान्येला देश ओलांडून गेला. या वेळी महिना कोकणाचा होता: थंडी, कोरडी हवा, स्वच्छ आकाश. लॉकियरला आकाशाची धास्ती घ्यायला कारणही होतं, १८९६ साली नॉर्वेच्या टोकाला ग्रहणासाठी गेला असताना ढगांनी सगळा बेत बुडवला होता. आता तो एकसष्ट वर्षांचा, 'सर' झालेला, जगभर नाव असलेला माणूस होता. त्याने विजयदुर्ग निवडला. बंदर किल्ल्याला चिकटून, त्यामुळे मेल्पोमेनी या आरमारी जहाजावरून जड सामान थेट उतरवता आलं, आणि जहाजावरच्या माणसांचीही निरीक्षणात मदत झाली. कलकत्त्याहून प्राध्यापक पेडलर येऊन मिळाले. छायाचित्रं घेणारे मोठे लोलक-कॅमेरे बसवायला हलणार नाहीत असे पक्के चौथरे लागतात. जहाजाच्या डेकवर किंवा भुसभुशीत मातीवर ते काम होत नाही. आपले साहेबाचे ओटे या कामाचे. ग्रहण दुपारी लागलं, पूर्ण अंधार दोनेक मिनिटांचा, आणि आकाशाने साथ दिली. सूर्याच्या कडेचा पातळ थर झाकला जाता-जाता क्षणभर जो वर्णपट चमकतो, त्याची छायाचित्रं हे मुख्य काम होतं, आणि ते झालं. लॉकियर, जहाजाचा कप्तान चिझम-बॅटन आणि पेडलर यांच्या नावाने अहवाल रॉयल सोसायटीने छापला. जुन्या इंग्रजी कागदांत शोधायचं असेल तर किल्ल्याचं नाव 'विझियाड्रुग' असं लिहिलेलं मिळेल.

हे सगळं मी गावात सांगतो तेव्हा एखादे आजोबा हमखास विचारतात, "मगे ते ओटे कोणी बांदल्यानी?" त्यांना वाटतं, मी ओटेच नाकारतोय. नाही हो आजोबा. ओटे आपलेच, साहेबाचेच. त्याच्यावर चिकटवलेली तारीख तेवढी दुसऱ्या ग्रहणाची आहे.

किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, त्याला माझा विरोध नाही. पाऊस अंगावर घेत पोरं किल्ल्यावर येतात, सूर्याबद्दल ऐकतात, वाईट काय आहे? १८ ऑगस्ट ही हेलियमच्या गोष्टीची सुरुवात आहेच. पण 'इथे शोध लागला' हे वाक्य भाषणातून काढून टाकावं, असं मी आयोजकांना भेटलो की सांगतो. काही ऐकतात. काहींचं म्हणणं, पर्यटक त्या वाक्यामुळे येतात. मला हे पटत नाही. घेरियाचा किल्ला (विजयदुर्गाचंच जुनं नाव), आंग्र्यांचं आरमार, १७५६ ची लढाई आणि वर नॉर्मन लॉकियर स्वतः येऊन राहिलेला, एवढं असताना खोट्याची गरज आपल्याला का पडावी?

मला खरी खंत दुसरीच आहे. त्याच १८९८ च्या ग्रहणात, त्याच पट्ट्यात, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला एक आपला माणूस उपकरणं लावून बसला होता: पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले कावसजी दादाभाई नेगमवाला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभ्या राहिलेल्या तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख. त्यांनी वर्णपटाची छायाचित्रं घेतली आणि अहवाल छापला. पुढे वेधशाळा बंद झाली, तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली आणि तिथे तिला आजही भावनगर दुर्बीण म्हणतात. माझ्या वर्गातल्या पोरांना लॉकियर माहीत असतो. नेगमवाला हे नाव त्यांनी कधी ऐकलेलं नसतं, आणि शिक्षकांपैकीही फार थोड्यांनी.

तेव्हा ती बातमी पुन्हा समोर आली तर लंबाचौडा वाद घालू नका. एवढंच विचारा: '२० ऑक्टोबर १८६८ ला लॉकियर कुठे होता?' आणि दुसरं, 'ऑगस्टात विजयदुर्गावर सूर्य कधी पाहिलाय?' दुसऱ्या प्रश्नाला कोकणी माणूस स्वतःच हसतो.

किल्ला बघायला यायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत या. देवगडहून एसटी आहे, वाटेत गिर्येचं रामेश्वराचं देऊळ चुकवू नका. ग्रहणाच्याच ओढीने येणार असाल तर २ ऑगस्ट २०२७ ला दुपारी उशिरा आपल्याकडे खंडग्रास आहे. खग्रास मात्र स्पेन आणि इजिप्तकडे. ऑगस्टच आहे, तेव्हा छत्री आणा आणि ढगांनी फट दिली तर ग्रहणाचा चष्माही जवळ असू द्या.