वाचकांचे प्रश्न : खेळाडूचा कोच होताना

प्रश्न : ‘मोठा खेळाडू कधीच चांगला कोच होत नाही’ असं सर्रास ऐकायला मिळतं. यात तथ्य किती?

अर्धंच. बिल रसेल, लेनी विल्कन्स, जॉन वुडन, बिल शार्मन आणि टॉम हाइन्सन यांना बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मान्यवरांच्या सन्मान-यादीत, दोनदा स्थान मिळालं, एकदा खेळाडू म्हणून आणि एकदा प्रशिक्षक म्हणून. गाजलेला खेळाडू लॅरी बर्ड १९९७ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या इंडियाना पेसर्स संघाचा कोच झाला. त्याआधी त्याने कुठेच प्रशिक्षण दिलं नव्हतं, तरी पहिल्याच हंगामात तो वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला आणि २००० साली संघाला अंतिम फेरीत घेऊन गेला. तितकाच गाजलेल्या मॅजिक जॉन्सनची गोष्ट उलटी. १९९४ मध्ये त्याने लेकर्स संघाची सूत्रं घेतली, पहिल्या सहापैकी पाच सामने जिंकले, मग सलग दहा हरला आणि हंगाम संपताच बाजूला झाला.

तरी या समजाला थोडा आधार आहे. पॅट रायली, फिल जॅक्सन, स्टीव्ह कर हे तिघेही खेळाडू म्हणून बहुतेक काळ राखीव फळीतले. बेंचवर बसणाऱ्याला सामना पाहावाच लागतो. पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे जॅक्सन १९६९-७० चा अख्खा हंगाम खेळू शकला नाही, तेव्हा तो आपल्या निक्स संघाच्या कोचशेजारी बसून सामने बघत होता. पुढे कोच म्हणून त्याने ११ विजेतेपदं मिळवली. स्टीव्ह करने खेळाडू म्हणून पाच आणि गोल्डन स्टेट संघाचा कोच म्हणून २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ अशी चार.

आमच्या मते फरक गुणवत्तेचा नाही. अव्वल खेळाडूच्या हालचाली इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की आपण नेमकं काय बघून हललो हे त्याला सांगता येत नाही. ‘अरे, आधी जा ना!’ एवढंच तो ओरडतो. पोराला आधी जायचंय हे कळतं, पण कशाकडे बघून जायचं ते कळत नाही. ही अडचण पुढच्या बऱ्याच उत्तरांत येईल.

प्रश्न : मी आमच्या क्लबची कर्णधार आहे. कोच सोडून गेले, आता ‘तूच खेळ आणि तूच शिकव’ असं चाललंय. जमेल का?

जमतं, पण एकटीने नाही. रसेलने १९६६ ते १९६९ ही तीन वर्षं सेल्टिक्स संघासाठी दोन्ही भूमिका निभावल्या आणि त्यातल्या दोन हंगामांत विजेतेपद मिळवलं. विल्कन्सनेही सिअ‍ॅटलमध्ये तेच केलं. एनबीएमध्ये अशी शेवटची नेमणूक १९७८-७९ मधली, डेव्ह काउवेन्सची. त्यानंतर ही पद्धत तिथे बंदच पडली. क्लबच्या पातळीवर मात्र ती अजून चालते.

सगळ्यात आधी एक सहायक कोच हवा आणि त्याचं नाव स्कोअरशीटवर हवं. फिबाच्या (बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या) नियमानुसार टाइमआउट फक्त मुख्य कोच किंवा पहिला सहायकच मागू शकतो, तोही स्कोअररच्या टेबलाकडे स्पष्ट खूण करून. तुम्ही समोरच्या बास्केटखाली रिबाउंडसाठी (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडायला) धडपडत असाल तर ती खूण करणार कोण? बदलीचं वेगळं आहे. ती कोच मागत नाही, आत येणाऱ्या खेळाडूने स्वतः टेबलापाशी जाऊन मागायची असते. म्हणजे ‘आता तू उठ’ असं सांगणारं माणूस बेंचवर लागतंच.

दुसरी तयारी कागदावरची. ४० मिनिटांच्या सामन्यात पाच जणींची मिळून २०० मिनिटं होतात. दहा जणी खेळवायच्या असतील तर सरासरी २० मिनिटं. चार-चार मिनिटांचे दहा रकाने आखा, प्रत्येकात पाच नावं लिहा, आणि स्वतःचं नाव आधी लिहा. कोर्टवरच्या कोचची हमखास चूक म्हणजे ती स्वतःला बाहेर काढत नाही. दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे सगळ्यात शेवटी कळतं. तुमची बाहेर बसण्याची मिनिटं दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला आणि तिसऱ्याच्या शेवटी ठेवा. तेव्हा प्रतिस्पर्ध्यांच्या बदल्या झालेल्या असतात आणि बाहेरून पाहिल्यावर काय बदललं ते दिसतं. हा कागद सहायकाच्या हातात द्या. ‘माझी वेळ झाली की मला न विचारता बदली पाठव’ असं सामन्याआधीच सांगून ठेवा.

प्रश्न : नुकताच खेळातून निवृत्त झालोय. १४-१५ वर्षांची १२ मुलं, दोन बास्केट आणि ९० मिनिटं मिळतात. सराव संपल्यावर मुलांना घामही आलेला नसतो. काय चुकतंय?

बहुतेक रांगा चुकताहेत. सहा जणांच्या रांगेत ले-अप (धावत जाऊन बास्केटजवळून मारायचा शॉट) घेताना प्रत्येक मुलगा पाच-सहा सेकंद हलतो आणि अर्धा मिनिट उभा राहतो. नियम साधा ठेवा : एका रांगेत तिघांपेक्षा जास्त नकोत. आणि बोलणं मोजा. कुणाला तरी मोबाइलवर वेळ लावायला सांगा. नव्या कोचचं बोलणं ९० मिनिटांतली २५-३० मिनिटं सहज खाऊन जातं.

वेळ साधारण अशी वाटता येईल. पहिली आठ मिनिटं चेंडू हातात घेऊनच वॉर्म-अप : दोन्ही हातांनी ड्रिबल, बाजूने सरकणं, थांबणं, वळणं. नुसत्या फेऱ्या मारायला लावू नका. मग १२ मिनिटं शूटिंग. एका बास्केटवर सहा जण, दोघांत एक चेंडू, तीन जागा. दर दोन मिनिटांनी जागा बदलायची आणि गेलेले शॉट मोठ्याने मोजायचे. न मोजलेलं शूटिंग म्हणजे गप्पांचा तास. पुढची १५ मिनिटं एकास एक आणि दोनास दोन, प्रत्येक चाल सात-आठ सेकंदांत संपलीच पाहिजे. दोन मिनिटं पाणी. मग १५ मिनिटं शेल ड्रिल (डिफेन्सचा सराव), त्याबद्दल खाली लिहितोच. त्यानंतर १८ मिनिटं अर्ध्या कोर्टवर तिघांस तीन, दोन्ही बास्केटवर एकाच वेळी, म्हणजे बाराच्या बारा खेळात. शेवटी १४ मिनिटं पाचास पाच, पण परिस्थिती ठरवून : ‘एक मिनिट बाकी, तीन गुणांनी मागे, समोरच्या संघाचे चार फाउल झालेत.’ सहा मिनिटं उरतात. त्यात दमलेल्या अवस्थेत प्रत्येकी दोन-दोन फ्री थ्रो आणि स्ट्रेचिंग. फ्री थ्रो सामन्यात दमल्यावरच मिळतात, सरावात मात्र ते ताजेतवाने असताना मारले जातात.

निवृत्त खेळाडूला पूर्ण कोर्टचा पाचास पाच खेळ फार आवडतो, कारण त्याला तोच आठवत असतो. पण त्यात १४ वर्षांच्या मुलाच्या हाती चेंडू क्वचित येतो आणि सगळं दोन बड्या पोरांभोवतीच फिरतं. तिघांस तीनमध्ये कुणाला लपता येत नाही.

आता शेल ड्रिल. चार जण बाहेर चेंडू फिरवतात, चार जण डिफेन्सला. चेंडूवाल्यासमोरचा हातभर अंतरावर. एका पासच्या अंतरावर असलेल्याचा हात पासच्या वाटेत. दोन पास लांब असलेला बास्केटसमोरच्या रंगीत भागाच्या मध्यरेषेवर एक पाय ठेवून उभा, चेंडू आणि आपला माणूस दोन्ही दिसतील असा. हे सगळ्या पुस्तकांत असतं. बिघडतं ते एकाच जागी : चेंडू समोरच्याच्या हातात *पोचल्यावर* मुलं हलतात, खरं तर तो हवेत असताना हलायचं असतं. इथे ‘लवकर, लवकर’ ओरडून काही होत नाही. त्यांना बघायला काहीतरी द्या. पास देणाऱ्याचा दुसरा हात चेंडूवर आला आणि ड्रिबल थांबला की पास निघणार, ती तुमची खूण. पहिल्या पाच मिनिटांत चेंडू पकडणाऱ्याने दोन सेकंद धरून ठेवायचा आणि तुम्ही जागा तपासायच्या. पुढच्या पाच मिनिटांत न थांबता पास, पण बास्केटवर हल्ला नाही. शेवटच्या पाच मिनिटांत खुला खेळ. खेळ थांबवून दुरुस्ती करायची तर २० सेकंदांत, एकालाच, एकच गोष्ट सांगून. चौघांना चार गोष्टी सांगितल्यात की खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत चौघंही विसरलेले असतात.

प्रश्न : गुडघ्यामुळे आता उडी मारून दाखवता येत नाही. शिकवण्यात कमी पडेन का?

उलट फायदाच होण्याची शक्यता जास्त. माजी खेळाडू पूर्ण वेगात दाखवतो, मुलं ‘वा!’ म्हणतात, आणि पाय कुठे पडला ते कुणीच पाहिलेलं नसतं. संघातल्याच एकाला पुढे घ्या आणि तीनदा करायला सांगा : एकदा पूर्ण वेगात, एकदा चेंडूशिवाय सावकाश, पुन्हा पूर्ण वेगात. मुलांना बाजूने उभं करा, समोरून पायांचा क्रम उलटा वाटतो. बघायच्या आधीच सांगा की फक्त डावा पाय बघा. आणि रोज त्याच हुशार मुलाला बोलावू नका.

प्रश्न : टाइमआउटमध्ये मी भराभर बोलतो, तरी मुलं बाहेर जाऊन तेच करतात. त्या एका मिनिटाचं काय करायचं?

मिनिट मुळात मिनिट नसतंच. ५० सेकंदांनंतर टेबलावरून इशारा होतो आणि पहिले दहा-पंधरा सेकंद चालत येण्यात, पाणी पिण्यात जातात. तुमच्या हाती उरतात तीसेक सेकंद. मुलं पाणी पीत असतील तेव्हा त्यांच्याशी बोलू नका, सहायकाशी बोला : दोन्ही संघांचे फाउल किती, कोणाचे चार झालेत, चेंडू कोणाचा. मग कोर्टवर जाणाऱ्या पाच जणांना बसवा आणि बाकीच्यांना मागे उभं करा. डिफेन्सची एक सूचना, ऑफेन्सची एक. शेवटी ज्याच्यावर चाल अवलंबून आहे त्यालाच विचारा, ‘तू कुठून सुरू करणार?’ उत्तर चुकलं तर ते कळायला तुमच्याकडे अजून पाच सेकंद आहेत. ‘समजलं ना?’ विचारलंत तर ‘हो’च येणार.

हिशेबही ठेवा. फिबाच्या नियमांत पहिल्या हाफमध्ये दोन टाइमआउट, दुसऱ्यात तीन, आणि उरलेले पुढे नेता येत नाहीत. दुसऱ्या हाफच्या तीनपैकी चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच वापरता येतात. तिन्ही जपून ठेवणाऱ्याचा एक फुकट जातो, आणि असे कोच दर स्पर्धेत दिसतात. राखून ठेवलेल्या टाइमआउटचा एक उपयोग मात्र मोठा आहे. त्या दोन मिनिटांत चेंडू आपल्या मागच्या भागात (आपल्या बास्केटकडच्या अर्ध्या कोर्टात) आपल्याकडे असताना टाइमआउट घेतला, तर थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू आत देणं) पुढच्या भागातून घ्यायचा पर्याय कोचला मिळतो. तसं केलं तर शॉट क्लॉकवर (शॉट घ्यायला किती वेळ उरला ते दाखवणाऱ्या घड्याळावर) १४ सेकंदांपेक्षा जास्त राहत नाहीत. सात-आठ सेकंदच बाकी असतील तर पुढूनच घ्या. आघाडी राखायची असेल तर मागून घेऊन २४ सेकंदांचं घड्याळ चालू देणंही शहाणपणाचं ठरतं.

टाइमआउट संपले की माणूस काय करतो याचा नमुना म्हणजे जेसन किड. जून २०१३ मध्ये निवृत्त झाला आणि काही दिवसांतच ब्रुकलिन नेट्सचा कोच झाला. त्याच नोव्हेंबरमध्ये लेकर्सविरुद्ध टाइमआउट शिल्लक नसताना त्याने आपल्याच खेळाडूला ‘मला धडक’ असं सांगितलं आणि हातातलं पेय कोर्टवर सांडलं. फरशी पुसून होईपर्यंत नेट्सची चाल ठरली. चाल काही यशस्वी झाली नाही, दंड मात्र ५०,००० डॉलर झाला.

प्रश्न : अजून दोन-तीन वर्षं खेळणार आहे. कोच व्हायचंय तर आत्तापासून काय करू?

थांबून सुरुवात करायची गरज नाही. डॉन स्टेली २००० साली टेम्पल विद्यापीठाची कोच झाली तेव्हा ती डब्ल्यूएनबीएमध्ये (महिलांच्या एनबीएमध्ये) खेळत होती आणि २००६ पर्यंत खेळत राहिली. पुढे तिच्या साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघाने २०१७, २०२२ आणि २०२४ मध्ये विद्यापीठ स्तरावरचं विजेतेपद घेतलं, शेवटचं तर ३८ पैकी ३८ सामने जिंकून. एरिक स्पोल्स्ट्रा जर्मनीतल्या एका क्लबकडून खेळता खेळता तिथेच शिकवत होता. १९९५ मध्ये तो मायामी हीटच्या व्हिडिओ विभागात लागला आणि १३ वर्षांनी त्याच संघाचा मुख्य कोच झाला.

व्हिडिओचं काम हातात घ्या, ते कुणाला नको असतं. आपल्या संघाचा सामना तीनदा बघा : एकदा फक्त चेंडू, एकदा चेंडूपासून दूर असलेले डिफेंडर, एकदा फक्त शॉट गेल्यानंतरचे तीन सेकंद, म्हणजे कोण रिबाउंडला गेलं आणि कोण मागे धावलं. त्यातून आठ तुकडे काढा, प्रत्येक १५ सेकंदांच्या आत, एकाच विषयावरचे. त्यातले निदान तीन बरोबर केलेल्या गोष्टींचे असू द्या. दहा मिनिटांवर गेलात की मागची रांग झोपलीच म्हणून समजा.

याशिवाय १० ते १२ वयाच्या मुलांचा एक गट घ्या. मोठी मुलं तुमची अस्पष्ट सूचना स्वतःच दुरुस्त करून घेतात. लहान मुलं तुम्ही जे बोललात तेच करतात, आणि तुम्ही काय बोललात ते तुम्हाला तिथेच दिसतं.

प्रश्न : सामन्यात कोचला बाहेर काढलं आणि सहायक नसेल तर?

स्वतःच्या वागणुकीबद्दल दोन तांत्रिक फाउल झाले की मुख्य कोच अपात्र ठरतो. त्याने ड्रेसिंग रूममध्ये जायचं किंवा इमारतीबाहेर, प्रेक्षकांत बसायचं नाही. पहिला सहायक नसेल तर कर्णधार खेळाडू-कोच होतो. तो पाच फाउल होऊन किंवा दुखापतीने बाहेर गेला तरी बेंचवरून कोच राहू शकतो. त्यालाही अपात्र ठरवलं तर मात्र नाही.