शंका आली तरी प्रार्थना सोडू नकोस

शंका आली म्हणजे विश्वास संपला, असं तुला वाटतंय. मलाही वाटायचं. आई गेल्यावर वर्षभर मी उपासनेला शेवटच्या बाकावर बसायचो. गीत सुरू झालं की ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही.

तेव्हा आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा ९ वा अध्याय उघडून माझ्या हातात दिला. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ एका दमात दोन्ही! प्रभूने त्याला ‘आधी पक्का विश्वास घेऊन ये’ म्हणून परत पाठवलं नाही. मुलगा बरा झाला. तेच वाक्य मी कित्येक महिने रोज रात्री दिवा मालवताना म्हणायचो. दुसरं काही सुचतच नव्हतं. तूही तेवढंच म्हण, पुरे आहे.

राग आला तर रागही देवापुढे मांड. बायबलमधल्या स्तोत्र १३ ची सुरुवातच ‘कुठवर?’ अशी आहे.

आणि घाई नको. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाने बायबलचा नवा करार दिला. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, झाला १८९५ मध्ये. मधला सगळा काळ वाचण्यात, प्रश्न विचारण्यात गेला.

एक मात्र कळकळीने सांगतो, मंडळी, म्हणजे चर्चमधली आपली संगत, सोडू नकोस. येशू मरणातून उठला हे त्याचा शिष्य थोमाला पटलं नव्हतं, तरी आठ दिवसांनी तो इतर शिष्यांबरोबर त्याच घरात होता. प्रभू त्याला तिथेच भेटला. येत्या रविवारी माझ्या शेजारी येऊन बस. गाता नाही आलं तरी चालेल, मी गाईन.